तारखेचं ऊन

आमचा दावा तीन हिवाळे चालला. आई वर्षं मोजायची नाही, हिवाळे मोजायची, म्हणून मलाही तीच सवय लागली. त्या दाव्यात आम्ही जिंकलो की हरलो, हे मला आजही धड सांगता येत नाही. निकालाची प्रत माझ्या कपाटात आहे. अधूनमधून काढून वाचते, आणि दर वेळी सातव्या पानापर्यंत आम्ही जिंकलेले असतो.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. माझं लहानपण दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. निवृत्तीनंतर बाबांनी द्वारकेतल्या एका सोसायटीत तळमजल्याचा फ्लॅट घेतला, म्हातारपणी जिने नकोत म्हणून. बाबांचं सगळं नियोजन असंच असायचं, कागदावर अगदी चोख. इमारतीचं जोतं उंच होतं आणि पुढच्या दाराला सहा पायऱ्या होत्या, हे सामान उतरवताना आमच्या लक्षात आलं. मागची बाजू मात्र सपाट होती. बागेसाठी तिकडे भराव घातल्यामुळे स्वयंपाकघराचं मागचं दार थेट एका बोळात उघडायचं आणि तो बोळ पन्नास पावलांवर बागेत निघायचा.

पुढे आईला पक्षाघाताचा झटका आला. डावा पाय गेला आणि चाकांची खुर्ची आली. तेव्हापासून तो बोळ म्हणजे तिचा रस्ता झाला. आमचं घर अंधारं, दिवसासुद्धा दिवे लावावे लागत. दिल्लीची थंडी अशा घरात भिंतीतून येते. अकरा वाजले की सोसायटीच्या बायका बागेत उन्हात बसायच्या, कुणी मटार सोलतंय, कुणी मेथी निवडतंय, कुणी विणतंय. बाबा आईला खुर्चीतून तिथे नेऊन सोडायचे आणि एक वाजता आणायचे. आईचं हिंदी त्याच बागेत सुधारलं आणि आईच्या तोंडावर थोडं रक्त दिसायचं ते त्याच दोन तासांमुळे.

बोळाच्या तोंडाशी राहणारे अंकल एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते. एकदा त्यांच्या नातवाची सायकल बोळातून चोरीला गेली. आठवड्याभरात त्यांनी बोळाच्या बागेकडच्या टोकाला लोखंडी फाटक बसवलं आणि कुलूप ठोकलं. आयुष्यभर शाळेची फाटकं बंद केलेल्या माणसाला हे किती सुखाचं वाटलं असेल, याची मला कल्पना आहे. बाबा बोलायला गेले तर ते म्हणाले, "भाईसाहब, आज आपको चाबी दूँगा, कल सबको देनी पड़ेगी." चावी त्यांच्या देवघरातल्या खिळ्याला लटकायची आणि ते स्वतः दिवसभर बोळात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसायचे.

पुढच्या पायऱ्यांवरून आईला खुर्चीसकट उचलून न्यायचा प्रयोग एकदा झाला. एका बाजूने गार्ड, दुसऱ्या बाजूने मी. खाली पोचल्यावर आई म्हणाली, "मी काय गॅसचा सिलिंडर आहे? पुन्हा उचलायचं नाही मला." आई एकदा नाही म्हणाली की संपलं. पायऱ्यांवर उतार बांधण्याचा बाबांचा अर्ज सोसायटीच्या कमिटीने विचाराधीन ठेवला. तो अजूनही विचाराधीनच असावा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या घरात एका माणसाला कुठलीच पायरी चढता येत नव्हती, म्हणून दुसरा ही पायरी चढला. बाबा दावा करायचा म्हणाले तेव्हा मला हायसंच वाटलं. कोर्ट म्हणजे कुणीतरी मोठं माणूस दोघांचं ऐकून घेईल आणि सांगेल, उघडा ते फाटक, अशी माझी समजूत होती. मी गुरुग्राममध्ये एका कंपनीत नियमपालनाच्या विभागात काम करते, दिवसभर लोकांना नियम सांगते, आणि तरी माझी समजूत ही एवढी होती.

वकील तरुण होता, मवाळ बोलायचा. त्याने दाव्याचा मसुदा करून आणला. शेवटी आमच्या मागण्या होत्या. बोळ सगळ्यांचा आहे असं कोर्टाने जाहीर करावं, ही पहिली. फाटक काढून टाकायचा हुकूम द्यावा, ही दुसरी. बाबांनी चष्मा लावला, खिशातलं पेन काढलं आणि दुसऱ्या मागणीवर शांतपणे रेघ मारली.

"अंकल, ये तो रखनी पड़ेगी," वकील बाबांना म्हणाला.

बाबा त्याला समजावू लागले. मी त्यांच्या तोंडून हे लहानपणापासून ऐकत आले होते. सरकारात एकदम सगळं मागितलं की फाइल शेरा मारून परत येते. आधी तत्त्वतः मंजुरी घ्यायची. तत्त्व मान्य झालं की बाकीचं आपोआप मागून येतं. छत्तीस वर्षं त्यांनी याच रीतीने कामं करून घेतली होती, पंखे, टाइपरायटर, माणसांच्या बदल्या, सगळं. "एक बार कोर्ट ने मान लिया कि रास्ता सबका है, तो पढ़ा-लिखा आदमी है, गेट ख़ुद खोल देगा."

वकिलाने माझ्याकडे पाहिलं. माझी कॅब बाहेर उभी होती. मी म्हटलं, "बाबांना जे बरोबर वाटतं ते ठेवा." वकील म्हणाला, "जैसी आपकी मर्ज़ी." त्या वाक्याचा अर्थ मला पुढे तीन वर्षांनी कळला.

पहिला हिवाळा बहुतेक नोटीस पोचवण्यात गेला. अंकल दिवसभर बोळात बसलेले असायचे, पण कोर्टाच्या माणसाला ते सापडले नाहीत. मग सापडले. मग त्यांनी उत्तर द्यायला मुदत मागितली. मग वकिलांचा संप झाला, मग न्यायाधीशांची बदली झाली. प्रत्येक वेळी एक तारीख पडायची. वकील सांगायचा की तुम्ही यायची गरज नाही. बाबांना हजेरी लावल्याशिवाय चैन पडायचं नाही, आणि बाबा येतात म्हटल्यावर अंकलही यायचे, स्वेटरवर कोट चढवून. दोघे पांढऱ्या केसांचे गृहस्थ एकाच इमारतीतून निघून वेगवेगळ्या रिक्षांनी एकाच कोर्टात जायचे आणि एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायचे. निघताना बाबा आईजवळ पाणी, औषध आणि फोन ठेवायचे. परत निघाले की फोन करून सांगायचे, "निघालो." घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणायचे, "आज काही झालं नाही."

आई यावर काहीच बोलायची नाही. तारीख मात्र तिच्या तोंडी सारखी असायची. पुढची कधी आहे, पक्की आहे ना, सकाळची आहे ना. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती लाल पेनने गोल करायला लावायची. न्याय मिळावा म्हणून बिचारीचा जीव टांगणीला लागलाय, असं मला वाटायचं आणि माझा जीव तुटायचा. एकदा जानेवारीऐवजी एप्रिलची तारीख पडली तेव्हा ती चक्क रागावली. "एप्रिल? एप्रिलची तारीख काय करायचीय?" मी म्हटलं, "आई, कोर्ट आहे ते, आपल्या सोयीने चालत नाही." ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

तिसऱ्या हिवाळ्यात बाबांची साक्ष होती. मी रजा टाकून त्यांच्यासोबत गेले. कोर्टात पोचल्यावर कळलं की सोसायटीच्या मूळ नकाशाची प्रत घरीच राहिली. सगळी भिस्त त्या नकाशावर होती, कारण त्यात बोळ सामायिक दाखवला होता. बाबांचा चेहरा पडला. मी रिक्षा पकडून घरी आले.

दार उघडलं तर घरात कुणी नव्हतं. पलंग रिकामा, खुर्ची नाही. औषधाची बाटली जागेवर, फोन जागेवर. मी न्हाणीघर पाहिलं, पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं. खुर्चीसकट माणूस पलंगाखाली कसं जाईल, हे त्या क्षणी सुचलं नाही. मग स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं दिसलं. मी बोळातून धावत गेले. बोळाच्या टोकाला फाटक सताड उघडं होतं आणि कुलपात चावी तशीच लटकत होती.

आई बागेत उन्हात बसली होती. मांडीवर परात, परातीत मटार. तिच्याशेजारी अंकलच्या पत्नी, आमच्या आंटी, शेंगा सोलत काहीतरी सांगत होत्या आणि आई हसत होती. आजूबाजूला सोसायटीच्या आणखी चारपाच बायका होत्या. मला पाहून त्यांच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

"अगं, तू कशी आलीस?" आई म्हणाली.

"नकाशा राहिला होता."

"मग घे आणि जा. बाबा खोळंबले असतील." तिने एक शेंग फोडून चार दाणे माझ्या हातावर ठेवले. आंटी खाली बघूनच म्हणाल्या, "बेटा, तेरे अंकल को मत बताना."

नकाशा घेऊन मी परत पोचले तेव्हा बाबा उभे राहून शपथेवर उत्तरं देत होते. अंकलच्या वकिलाने विचारलं, "ये गेट कभी खुलता है?" बाबांनी मान ताठ केली. "कभी नहीं, जनाब. तीन साल में एक बार भी नहीं." माझ्या एका हातात नकाशा होता आणि दुसऱ्या मुठीत मटारचे दाणे. काही वेळाने अंकलनी साक्ष दिली. त्यांनी छाती काढून सांगितलं की फाटक कायम बंद असतं, सुरक्षेच्या बाबतीत ते एक दिवसही कसूर करत नाहीत. न्यायाधीश बाईंनी टाइप करणाऱ्याला सांगितलं, लिहा, फाटक सदैव बंद असतं याबद्दल दोन्ही पक्षांत वाद नाही.

अख्ख्या दाव्यात दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर, आणि तीच खोटी होती. दोघेही खोटं बोलत नव्हते. मग खोटं कोण बोलत होतं? मी दाराशी उभी होते आणि गप्प होते, म्हणजे बहुधा मीच. उठून सांगावं का? सांगितलं तर आमचा दावा बळकट होतो की कमकुवत, तेही कळेना. कमकुवत झाला तर आईचा रस्ता जाणार. बळकट झाला तरी आंटींचं गुपित फुटणार, चावी दुसऱ्या खिळ्यावर जाणार आणि आईचा रस्ता जाणारच. ऑफिसमध्ये मी लोकांना सांगते, शंका आली की लेखी कळवा. इथे कुणाला कळवायचं होतं? दाणे मी खाऊन टाकले.

संध्याकाळी बाबा फिरायला गेल्यावर मी आईला गाठलं. तिने तीन हिवाळे ताकास तूर लागू दिली नव्हती, पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. पहिल्या हिवाळ्याच्या अखेरीस, अंकल कोर्टात जायला लागल्यावर, एका तारखेला आंटी मागच्या दारी कढीपत्ता मागायला आल्या होत्या. आई एकटी अंधारात बसलेली त्यांनी पाहिली. घरी गेल्या, देवघरातून चावी आणली. तेव्हापासून दर तारखेला. अंकल एरवी जागचे हलत नाहीत, चावी काढायची सोय नाही. तारखेला मात्र दोघे पुरुष दहाला जातात ते दोनला येतात, आणि बाबांचा "निघालो"चा फोन यायच्या आत सगळ्या आपापल्या घरी.

"आणि अंकलना आंटी सांगत का नाहीत सरळ, की उघडा म्हणून?"

"सांगून पाहिलं तिने. म्हणाले, केस चालू आहे, आता उघडलं तर हरल्यासारखं होईल." आई म्हणाली. "तुझे बाबा तरी काय वेगळं म्हणाले असते? त्यांना तत्त्व हवंय. मला ऊन हवंय गं."

मला राग आला. कुणाचा, ते ठरवता येईना. बाबांचा, अंकलचा, कोर्टाचा, का आईचा, तिने मलाही सांगितलं नाही म्हणून. सोसायटीतल्या झाडून साऱ्या बायकांना ठाऊक होतं आणि घरातल्या मुलीला नाही. पण मी बाबांना काही बोलले नाही.

निकाल दिवाळीच्या जरा आधी लागला. निकालपत्रात पहिला मुद्दा, बोळ सामायिक आहे काय? होय. दुसरा मुद्दा, प्रतिवादीला तो बंद करण्याचा हक्क आहे काय? नाही. बाबा कोर्टाच्या आवारातच वाचत होते. मग आठवं पान आलं. फाटक बंद आहे हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. असं असूनही वादीने ते हटवण्याची मागणी केलेली नाही. मागता येत असलेली दाद न मागता नुसती घोषणा मागितली तर कायद्याने ती देता येत नाही. सबब दावा फेटाळण्यात येतो.

बाबांनी ते पान तीनदा वाचलं. "म्हणजे रस्ता आपला आहे," ते म्हणाले, "आणि मिळत नाही?" वकिलाने सांगितलं की कोर्ट न मागितलेलं देत नाही. फाटक खरंच बंद आहे की नाही याबद्दल काही वाद असता तर गोष्ट निराळी झाली असती. मी दुसरीकडे पाहिलं. थोड्या अंतरावर अंकल तीच प्रत घेऊन आपल्या वकिलाला विचारत होते, "जीत गए तो ये क्यों लिखा है कि मुझे हक़ नहीं?" दोघांनी एकदा एकमेकांकडे पाहिलंसुद्धा. मला वाटलं, आता हे एकमेकांनाच विचारतील. पण ते आपापल्या रिक्षांनी घरी गेले.

तेल गेलं, तूप गेलं. रेघ मारलेला तो जुना मसुदा बाबांनी फाइलमधून काढून टेबलावर ठेवला होता, येता जाता त्याकडे बघायचे. नोव्हेंबर लागला, घर गारठलं. अंकल फाटकाची राखण करत बोळात बसलेलेच होते. कॅलेंडरवर कुठेही लाल गोल नव्हता. आई स्वयंपाकघरात दिव्याखाली बसून मटार सोलायची, तेही सोलून संपले की परातीकडे बघत राहायची.

अपिलाची मुदत संपायला आठवडा होता. बाबा जेवताना म्हणाले, "कानाला खडा. आता नाही जायचं कोर्टात."

"अपील करा," आई म्हणाली.

बाबांनी घास खाली ठेवला. "अगं, काही फायदा नाही. माझी चूक आहे, ती आता दुरुस्त होईल न होईल. आणखी पाच वर्षं नुसत्या तारखा पडतील."

"पडू देत ना."

"तारखा घेऊन काय करायचंय तुला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग तिने सगळं सांगितलं, कढीपत्त्यापासून. भात गार झाला. मग बाबांनी विचारलं, "किती वेळा गेलीस?"

"तेव्हापासून, धुक्याच्या दोन तारखा सोडून, हिवाळ्यातल्या सगळ्या."

"मी घरी येऊन सांगायचो, आज काही झालं नाही."

"हो," आई म्हणाली. "मी ऐकायचे."

मला भीती होती ती त्यांच्या रागाची. ते रागावले नाहीत. शपथेवर आपण काय बोललो, तेवढं त्यांनी दोनदा स्वतःशी म्हटलं, कभी नहीं, जनाब. आंटींचं नाव कुठेही काढायचं नाही, असं मला बजावलं. मग उठून ते आईच्या खुर्चीमागे जाऊन नुसते उभे राहिले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वकिलाकडे गेलो. फाटक काढायची मागणी आता घालता येईल का, असं बाबांनी विचारलं. वकील म्हणाला, अर्ज करून पाहू, अवघड आहे, अपील मात्र होईल, आणि आजारी ज्येष्ठ नागरिक म्हणून लवकर सुनावणीही मागू.

"जल्दी नहीं चाहिए," बाबा म्हणाले.

वकिलाला वाटलं, त्यानेच काहीतरी चुकीचं ऐकलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझी कॅब या वेळीही बाहेर उभी होती, पण मी जागची हलले नाही. लवकर न्याय नको असं सांगणाऱ्या बापाशेजारी बसून मी मान डोलावत होते, आणि हे योग्य की अयोग्य, नियमात कुठे बसतं, मला खरंच कळत नव्हतं.

"अंकल, सब लोग जल्दी माँगते हैं. आपको आख़िर चाहिए क्या?" वकिलाने बाबांना विचारलं.

आयुष्यभर हवं त्याहून कमी मागत आलेल्या बाबांनी चष्मा काढून पुसला. "तारीख," ते म्हणाले. "सुबह की. दिसंबर में दो मिल जाएँ, और जनवरी में तीन."